पंचशीलचा लेफ्ट हाफ

सामना संपल्यावर हात मिळवायच्या रांगेत रायपूरच्या संघाचा कोच पंचशीलची टीम सांभाळणाऱ्या नागसेन मेश्रामसमोर आला, त्याचा हात हातात घेतला आणि पुढच्या माणसाकडे सरकता सरकता म्हणाला, "आपका लेफ्ट हाफ कमाल का है. संभाल के रखिए उसको." नागसेननं सवयीनं मान हलवली. मागं भिलाईतल्या खुर्सीपार वस्तीतली पोरं ढोल बडवत होती. क्लबचे अध्यक्ष भय्याजी सापडेल त्याला मिठी मारत होते, कारण पंचशील स्पोर्टिंग ही चार गल्ल्यांची टीम राज्याच्या वरच्या लीगमध्ये पोचली होती. त्या गोंधळात ते वाक्य नागसेनच्या कानात शिरलं आणि आत जाऊन गप्प बसलं. नंतर पोरांच्या घामेजल्या जर्स्या पोत्यात कोंबताना ते हललं. पंचशीलला लेफ्ट हाफ नव्हता. त्या दिवशी नव्हता, आणि गेली तीसेक वर्षं नव्हता. पंचशील दहाजणांनिशी खेळायची. मैदानाच्या डाव्या अंगाला, मधल्या रेषेच्या थोडं मागं, जिथं लेफ्ट हाफ उभा राहतो, तिथं आज सबंध खेळभर नुसती काळी धूळ होती.

हे दहाचं प्रकरण बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो हसतो. खालच्या लीगमधले रेफरीही हसायचे, "फिर दस?" म्हणायचे आणि शिट्टी वाजवायचे. खरं तर सुरुवातीला त्यात हसण्यासारखंही काही नव्हतं आणि घाबरण्यासारखंही नव्हतं. क्लब निघाला तेव्हा खेळणारे सगळे भिलाईच्या पोलाद कारखान्यातले, अर्धे परमनंट, अर्धे ठेक्यावरचे. परमनंटवाला भोंगा झाला की सुटायचा. ठेक्यावरच्याची सुटी काम संपेल तेव्हा. त्यामुळं दर सामन्याला कोणीतरी एकजण सुटून यायचा राहिलेला असायचा, आणि त्याची जागा दुसऱ्याला द्यायची नाही हा पंचशीलचा रिवाज पडला. माणूस भट्टीजवळून निघून सायकल मारत येणार, आणि आल्यावर बघणार की आपल्या जागेवर दुसराच पळतोय, हे कोणालाच बरं वाटत नव्हतं. मग दहाजण त्या रिकाम्या जागेभोवती खेळायला शिकले. कधी पंधरा मिनिटं, कधी अर्धा खेळ. धापा टाकत तो यायचा, रेफरीला हात करायचा आणि आत शिरायचा, जसा घरातला माणूस उशिरा जेवायला बसतो तसा. इतर क्लबांकडे प्रशिक्षक होते, चामड्याचे चेंडू होते. पंचशीलकडे वाट बघायची कला होती.

शेवटचा सुटून येणारा गुलाब रामटेके. डाव्या पायाचा, उंच, बोलायला कमी, नागसेनच्या बायकोचा थोरला भाऊ. पण तेव्हा कमला नागसेनची बायको झालेली नव्हती. गुलाब ठेक्यावर होता. त्या रविवारी दुर्गच्या टीमशी सामना होता, आणि गुलाब पहिली पाळी करून येणार होता. तो सुटला, हे त्याच्याबरोबरच्यांनी सांगितलं. रेल्वे फाटकाजवळच्या चहावाल्यानं त्याला जाताना पाहिलं. फाटकापासून मैदान सायकलनं चार पायडलांवर. तेवढ्यात कुठंतरी गुलाब उरला नाही. सायकलही नाही, बूटही नाहीत, कपड्याची चिंधीही नाही. पोलिसांत तक्रार झाली, गोंदिया-भंडाऱ्यापर्यंत नातेवाईक धुंडाळून झाले. आई दाराशी बसायची, ती पुढं दाराशीच बसून गेली. त्या रविवारी मात्र मैदानावर दहाजण शेवटपर्यंत "येते तो, येऊन राहिला" म्हणत डावी जागा सोडून खेळले आणि जिंकले. पुढच्या रविवारी ती जागा भरायला कोणाचे पाय वळेनात. त्याच्या पुढच्याही नाही. मग खेळणारे बदलले, त्यांची मुलं आली, मुलांचे दोस्त आले, आणि ज्यांनी गुलाबला पाहिलंही नव्हतं ते सुद्धा त्या जागेला वळसा घालून पळायला शिकले, जसं एखाद्या घरात लहान मूल न सांगता शिकतं की ह्या खुर्चीवर बसायचं नसतं.

रिसालीतल्या घरी आंघोळ करताना नागसेननं त्या वाक्याचा हिशेब लावायचा प्रयत्न केला. आयुष्यभर त्यानं कारखान्यात तपासणीचं काम केलेलं. पट्टी कुठं वाकलीय, चीर कुठं पडलीय हे नजरेनं सांगायचं. कोच दमलेला असेल. लेफ्ट बॅकला लेफ्ट हाफ म्हणाला असेल. हरलेला माणूस काहीतरी गोड बोलायचं म्हणून बोलतो. सगळी कारणं ठीक होती, सरळ होती, आणि एकावर एक रचली की मधे फट राहत होती. कारण आता त्याला आठवायला लागलं होतं. रायपूरचा एक गोरटेला पोरगा, त्यांचा राईट हाफ, अर्धा वेळ त्या रिकाम्या जागेपाशीच होता. चेंडू दुसरीकडे असताना तो मागं न बघता एक हात पाठीमागं ताणून उभा राहायचा. खेळणाऱ्याला हे कळतं. आपला माणूस अंगाजवळ आहे की निसटला, हे बोटांनी चाचपायला हात असा मागं ठेवतात. त्या पोराचा हात हवेत होता. पण बोटं मिटत होती, उघडत होती, कापडाला लागल्यासारखी. हे नागसेननं पाहिलं होतं. पाहताना त्याला काही वाटलं नव्हतं, आणि आता बादलीतलं कोमट पाणी अंगावर घेताना पाठीवरचा एक एक केस उभा राहत होता.

आठवड्यानं वरच्या लीगवाल्यांकडून निरोप आला, आणि क्लबच्या पत्र्याच्या खोलीत बैठक बसली. अट एकच अवघड होती. किक-ऑफला अकराजण मैदानात पाहिजेत, नसतील तर सामना सोडल्यासारखा धरणार. भय्याजींनी ही अट दोनदा वाचली आणि चष्मा काढून पुसला. "इथंच मरते आपलं," ते म्हणाले. "मी म्हनतो, खालीच राहू. खाली आपली इज्जत आहे."

"कावून?" शेषरावनं कारण विचारलं. शेषराव म्हणजे पंचशीलचा जुना गोलकीपर, नागसेनबरोबर खेळलेला, आता पोट सुटलेला, बोलण्यात मात्र तसाच पुढं झेपावणारा. "पोट्टे जिंकून आले ना? का मालगाडीतून उतरवले कोनी त्याइले?"

"अरे जिंकले बाप्पा. पन लायकी?" भय्याजी म्हणाले. "तिकडं कोच बाहेरून येतात. घास राहते मैदानात. आपल्याकडं धूळ आहे, अन् एक जागा..." ते थांबले. त्या जागेबद्दल खोलीत कोणी पुरं वाक्य बोलत नसे.

"लायकीचं मले नका सांगू, भय्याजी," शेषराव म्हणाला. "तुमचा बाप आला होता त इथं, तवा कोनं इचारलं होतं, भट्टीपुढं उभं राहाची लायकी आहे का म्हनून? इचारलं असतं त भिलाईत कुत्रं नसतं राहिलं."

सगळे हसले. नागसेन हसला नाही. लायकी हा शब्द त्यानं इतक्या वेळा इतक्या तोंडून ऐकला होता की तो आता त्याला खऱ्यासारखा वजनदार वाटत नसे. बाप भंडाऱ्याकडून आला तेव्हाही तो शब्द मागोमाग आला, क्वार्टर मिळालं तेव्हा शेजारच्यांच्या नजरेत आला, प्रमोशनला कँटीनमध्ये आला. त्या सगळ्याला त्याच्याकडे उत्तर होतं: काम बघा. पट्टी मोजा. पण ह्या वेळी प्रश्न बाहेरून आला नव्हता. दहाजण जिंकले असतील तर पंचशील वरच्या लीगची. पण दहाजण जिंकले नसतील तर? रायपूरविरुद्ध गोलपाशी अडलेले ते दोन चेंडू, डावीकडून अचानक आत आलेला तो पास, जो कोणी दिला हे नंतर पोरांत कोणीच सांगू शकलं नाही, प्रत्येकाला वाटलं दुसऱ्यानं दिला... ते ज्याचं होतं त्याचं असेल, तर ही दहा पोरं कोण? वर जाऊन उभं राहणाऱ्यांना निदान हे तरी माहीत पाहिजे की आपण आपल्याच पायांनी आलो. हा विचार त्याला चोरीच्या मालासारखा वाटला, आणि चोरी कोणाची तेही कळेना.

"नागसेन, तू बोल ना," भय्याजी म्हणाले. "टीम तुझी आहे."

"अकरा उतरवू," नागसेन म्हणाला. "निखिलले लेफ्ट हाफ."

निखिल म्हणजे टीममधलाच एक कॉलेजचा पोरगा. शेषरावनं त्याच्याकडं पाहिलं आणि पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही.

ही गोष्ट कमलाला सांगायची तर कशी सांगायची, हे नागसेनला तीन दिवस सुचलं नाही. तिनं कधी मैदानावर पाऊल ठेवलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्यानं तिला एकदा नेण्याचा प्रयत्न केला होता. ती फाटकापर्यंत आली आणि तिथून परत फिरली, काही न बोलता. शेवटी सकाळी पोहे खाताना त्यानं ते सांगितलं, कोचच्या वाक्यासकट. ती ओट्याशी उभी होती. कढईतलं उलथणं थांबलं, मग पुन्हा चालू झालं.

"म्हनजे तुमाले वाटते तो खेळून राहिला."

"मले काई वाटत नाई. त्यानं पाहिलं म्हनते."

"दादा?"

"नाव नाई घेतलं त्यानं. लेफ्ट हाफ म्हने."

तिनं गॅस बंद केला. ती रडेल असं त्याला वाटलं, पण तिचा चेहरा एखाद्या रागावलेल्या मुलीसारखा झाला होता, तीस वर्षांपूर्वीच्या. "मायनं दाराशी बसून जीव सोडला," ती म्हणाली. "मी कितीक वर्सं ताट वाढून ठेवलं. घरी एक डाव नाई आला. अन् तुमच्या मैदानात दर ऐतवारी येते? बॉल खेळाले येते?" तिनं त्याच्यापुढची रिकामी बशी उचलली. "घर नाई दिसत त्याले, मैदान दिसते."

 नागसेनला इतकंच जाणवलं, की कमलानं त्या गोष्टीवर अविश्वास दाखवला नव्हता. ती चिडली होती. न येणाऱ्यावर कोणी असं चिडत नाही.

सरावात निखिल नीट खेळला, पण सरावात ती जागा इतकी ठळक नसते. दोन्हीकडून आपलेच, कोणी कुठंही पळतो. निखिल स्मृती नगर ह्या पांढरपेशा वस्तीतला, बाप ऑफिसात, स्वतः कॉलेजात, पंचशीलमधला एकटाच असा की ज्याच्या घरी क्लबचं नाव काढलं की "वो खुर्सीपार वाला?" असं विचारतात. मराठी तो आजीशीच बोलायचा. पाय मात्र सोन्याचे होते. नागसेननं त्याला जागा दाखवली, टाचेनं धुळीत खूण केली. "इथून इथपर्यंत तुझं. आतमधी ये, बॉल माग, बिनधास्त." निखिल त्या खुणेकडं बघत राहिला. "अंकल, मैं छोटा था तब से इधर से नहीं दौड़ा हूँ," तो हसत म्हणाला. मग पायानं खूण पुसून टाकली, खेळताना पोरं रेघोट्या पुसतात तशी, पण घाईनं.

वरच्या लीगचा पहिला सामना घरच्याच मैदानावर होता. दुपार उन्हानं पांढरी पडली होती, कारखान्याच्या बाजूनं नेहमीचा जळका वास येत होता, भिंतीवर, छपरांवर, टँकरवर माणसं बसली होती. पंचशीलचे अकराजण आत गेले. अकरा ह्या आकड्याकडे बघताना नागसेनला एखाद्या ओळखीच्या तोंडात नवा दात बसवलेला बघावा तसं वाटलं. शिट्टी झाली, आणि पहिल्या काही क्षणांतच त्याला कळलं की काहीतरी चुकतंय, आणि चूक निखिलची नाही. निखिल रेषेला चिकटून होता. आत ये, आत ये, नागसेन ओरडत होता. निखिल आत यायचा, दोन पावलं, तीन, आणि अंग चोरून पुन्हा बाहेर सरकायचा, गर्दीच्या बसमध्ये दाराशी उभा असलेला माणूस चढणाऱ्यांना वाट देतो तसा. बाकीची पोरं जुन्या सवयीनं त्या रिकाम्या जागेत पास देत होती. चेंडू तिथं जायचा आणि हळू व्हायचा. थांबत नव्हता, कोणाच्या पायाला लागल्यासारखा वळत नव्हता, फक्त हळू व्हायचा, जसं कोणी त्यावर पाय ठेवावा की नाही ह्या विचारात असावं. मग समोरचे तो घेऊन जायचे. नागसेनला वाटलं, तिथं दोघंजण एकमेकांना "तू घे, तू घे" म्हणत आहेत. पहिला गोल असाच झाला. दुसराही. आणि त्याच्या लक्षात आलं की पंचशील एकही शब्द बोलत नाहीय. समोरची पोरं सतत ओरडत होती, एकमेकांची नावं घेत होती. पंचशील गप्प खेळत होती. ती नेहमीच गप्प खेळायची, हे त्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ऐकू आलं. वाट बघणारी माणसं बोलत नाहीत; पाऊल ऐकायचं असतं.

मध्यंतराला निखिल येऊन जमिनीवर बसला. ओठ पांढरे पडले होते. "अंकल, मुझे निकाल दो," तो म्हणाला.

"काय झालं बे?"

"वहाँ जगह नहीं है." तो नागसेनकडं न बघता बोलत होता. "मैं अंदर जाता हूँ ना, तो... बाजू होना पड़ता है. धक्का नहीं मारता कोई. पर बाजू होना पड़ता है." मग, आजीशी बोलतो तसं, मराठीत, "मी चुकीच्या घरात घुसलो, असं वाटते."

शेषराव खाली वाकला. त्यानं नागसेनच्या कानाशी तोंड नेलं, त्याच्या श्वासाला तंबाखूचा वास होता. "नियम किक-ऑफचा होता ना," तो म्हणाला. "किक-ऑफ झाला. अकरा मोजले त्याइनं. आता पोट्ट्याले बाहेर घे. दहाच राहू दे." नागसेननं त्याच्याकडं पाहिलं. शेषराव थट्टा करत नव्हता. "जसं नेहमी करतो तसंच. तुले मालूम आहे काय होते मंग."

नागसेनला माहीत होतं.  दहा उतरवले तर डावीकडून पास आत येतील, कोणी दिले हे कोणाला सांगता येणार नाही. समोरचा कोणी एक पोरगा हात मागं ताणून हवा चाचपेल. पंचशील तीन-दोन जिंकेल, आणि पुढचाही सामना, आणि भय्याजी मिठ्या मारतील, पेपरात येईल. आणि ही पोरं म्हातारी होईपर्यंत त्यांना कळणार नाही की आपण खेळलो की आपण कोणाच्या भोवती पळत होतो. तिकडे तो, जो सामन्याला निघाला होता, तो सामन्यातच. त्याची पाळी संपलेली नाही. तीस वर्षं आपण त्याची जागा राखली असं आपण म्हणत आलो; दर रविवारी शिट्टी वाजवून आपण त्याला कामावर बोलवत होतो, आणि कमलाचं ताट तिकडे थंड होत होतं. हा विचार इतका साधा होता की नागसेनला त्याची लाज वाटली नाही, भीती वाटली.

"निखिल खेळन," तो म्हणाला.

तो उठला आणि रेषेपाशी गेला, डाव्या अंगाला. पोरं पुन्हा आत जायला निघत होती. छपरांवरची माणसं बघत होती, लीगचा माणूस बघत होता, आणि नागसेनला जाणवलं की आपण आता जे करणार ते सगळ्यांना दिसेल. साठीचा माणूस, टोपी घातलेला, रिकाम्या मैदानाशी बोलताना. त्यानं रेफरीकडं बघून दोन्ही हातांनी खेळाडू बदलायची खूण केली. रेफरी गोंधळला. "कौन बाहर?" त्यानं विचारलं. नागसेननं त्याला उत्तर दिलं नाही. तो त्या धुळीकडं बघून, मोठ्यानं नाही, पण शेजारच्या खोलीतल्या माणसाला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाला, "गुलाबभाऊ. झालं आता. या बाहीर. पोट्टं आलं तुमच्या जागेवर."

काहीही झालं नाही. धूळ उडाली नाही, ऊन मळलं नाही. समोरचा एक खेळाडू हसला. नागसेनच्या उजव्या खांद्याजवळून, हातभर अंतरावरून, तापलेल्या लोखंडाची धग गेली, जशी भट्टीजवळून निघालेल्या माणसाच्या कपड्यांना सुटते तशी, आणि ती मागं निघून गेली. त्यानं वळून पाहिलं नाही. निखिलच्या पाठीवर त्यानं हात ठेवला आणि त्याला ढकललं. "जा. आतमधी."

दुसरा अर्धा भाग सामान्य फुटबॉल होता. पंचशीलनं इतका सामान्य फुटबॉल कधी खेळला नव्हता. निखिल आत आला, चुकला, पुन्हा आला. चेंडू त्याच्या पायाला लागला, निसटला, लागला. पास चुकीच्या जागी जात होते आणि कोणी चुकवले हे स्पष्ट दिसत होतं. "अबे आनंद, इधर!" कोणीतरी ओरडलं, आणि त्या ओरडण्यानं मैदान दचकल्यासारखं झालं, मग दुसरा ओरडला, मग सगळेच, शिव्या, नावं, "मेरा है, छोड़!" नागसेन रेषेवरून मागं बाकापाशी आला. हा बाक म्हणजे मधोमध रचलेल्या विटांच्या थरांवर ठेवलेली लांब फळी, आणि तिची खोड सगळ्यांना ठाऊक होती: ह्या टोकाला एक, त्या टोकाला एक बसला तर ठीक, एकजण न सांगता उठला की दुसरा धुळीत. शेषराव तिथं नखं खात उभा होता. नागसेन ह्या टोकाला आणि शेषराव त्या टोकाला, दोघं एकदम बसले. समोरचे अजूनही वरचढ होते. त्यांच्या पोरांचे पाय गवतावर शिकलेले, श्वास लांब. पंचशील धडपडत होती, पडत होती, उठत होती. दोन-शून्य. हे आपलं आहे, नागसेनला वाटलं. हे वाईट आहे, पण हे मोजता येतं.

खेळ संपत आला तेव्हा निखिलनं डावीकडून चेंडू काढला, एकाला टाळलं, दुसऱ्याला धडकला, पडता पडता चेंडू पुढं सरकवला, आणि आनंदनं तो जाळीत मारला. काही सुंदर नव्हतं त्यात. छपरांवरून एकच आरोळी उठली. शेषराव दोन्ही हात वर करून उभा राहिला, "देखा! देखा बे! आपन मारला!" ओरडत मैदानाकडं धावत सुटला, गोलकीपर असल्यासारखा, पोट हलवत.

फळी हलली नाही.

नागसेन टोकाला बसून होता. दुसरं टोक रिकामं झालं होतं, आणि तो धुळीत पडला नव्हता. फळी सरळ होती, तशीच, जड. त्यानं समोर बघत राहायचं ठरवलं. समोर पोरं निखिलच्या अंगावर पडली होती, रेफरी त्यांना उठवत होता. शेजारून, थोड्या अंतरावरून, लांब पळून आलेल्या माणसाचा श्वास येत होता, आधी जोरात, मग हळूहळू बसत चाललेला. नागसेनच्या घशाशी तीस वर्षांचा एक प्रश्न आला, अगदी साधा, फाटक ते मैदान एवढ्याच अंतराचा, आणि त्याला कळलं की तो विचारायचा नाही. सुटून आलेल्या माणसाला आधी कोणी ते विचारत नाही.

"मॅच आपन हारून राहिलो," तो समोर बघतच म्हणाला. "पन पोट्टे खेळून राहिले. पाहा तुमी." श्वास ऐकत होता. "संपली का मंग घरी जाऊ. कमला घुश्शात आहे, पयले सांगून ठेवतो. बोलन लय. ऐकून घ्या."

शिट्टी झाली. पंचशील हरली होती, आणि पोरं हरलेल्या पोरांसारखी, एकमेकांना दोष देत, हसत, लंगडत बाहेर येत होती. नागसेन जागचा हलला नाही. उठायच्या आधी ह्या फळीवर शेजारच्याला सांगावं लागतं. त्यानं गुडघ्यांवर हात ठेवले, एकदा खाकरला आणि म्हणाला, "उठू?"